मिरची आता कोणाची?

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातले पिंपळगाव रेणुकाई हे गाव बुलढाणा जिल्ह्याच्या हद्दीजवळ आहे, समुद्रापासून तीनशे किलोमीटरहून अधिक आत. तरीही इथल्या मिरची बाजारात काय भाव निघेल, हे काही अंशी समुद्रापलीकडे ठरते. उन्हाळी लागवडीची हिरवी मिरची मे-जूनपासून बाजारात यायला लागते आणि पावसाळाभर येत राहते. व्यापारी ती दिल्ली-मुंबईला पाठवतात, सीमेवरून ट्रकने बांगलादेशात धाडतात आणि आखाती देशांतही रवाना करतात. दुबईचा खरेदीदार मागे सरला किंवा जहाजाचे भाडे चढले, की त्याची झळ तोडणीची मजुरी देऊन बसलेल्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचते. त्याने समुद्र पाहिलेला असो वा नसो.

गंमत अशी की मिरची स्वतःच जहाजातून आलेली पाहुणी आहे. तिचे माहेर मध्य आणि दक्षिण अमेरिका. कोलंबसाच्या १४९२च्या सफरीनंतर युरोपीय जहाजांनी तिला जगभर नेले आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती आपल्या किनाऱ्याला लागली. आपेगावच्या ज्ञानेश्वरांच्या काळात मराठवाड्यात तिखट चव म्हणजे मिरे. भाकरीवरचा ठेचा तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हता.

सागरी व्यापार म्हटले की डोळ्यांसमोर जहाज येते. पण त्या व्यवहारातला जहाज हा त्यातल्या त्यात सोपा भाग. अवघड भाग वेगळाच आहे. विकणारा भोकरदनकडचा, घेणारा दुबईचा. दोघांनी एकमेकांचे तोंड पाहिलेले नाही. मधल्या आठ-दहा दिवसांत माल ट्रकवाल्याच्या, बंदराच्या, जहाज कंपनीच्या, कस्टमच्या अशा परक्या हातांतून जातो. यातल्या प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न उभा राहतो: मिरची आता कोणाची, आणि या घडीला ती सडली तर कोणाच्या खिशातून? सागरी व्यापारातले सगळे कायदे, कागद, विमे आणि शिक्के या एका प्रश्नाची उत्तरे देण्यासाठी जन्माला आले आहेत. ती उत्तरे समजून घ्यायला समुद्रमार्गे दुबईला निघालेला मिरचीचा एक कंटेनर कल्पनेने धरू. (हिरवी मिरची विमानानेही जाते. वेळ वाचतो, भाडे मात्र अंगावर येते.)

पहिले उत्तर सौद्यातच लिहिलेले असते, तेही तीन अक्षरांत. पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्स या संस्थेने १९३६मध्ये व्यापारी अटींची एक सामाईक परिभाषा तयार केली. तिला ‘इन्कोटर्म्स’ म्हणतात. सध्या चालते ती २०२०ची आवृत्ती. आपल्याकडे कानावर पडणारे दोन शब्द म्हणजे एफओबी आणि सीआयएफ. ‘एफओबी न्हावा शेवा’ असा सौदा असेल, तर माल मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरात जहाजावर चढेपर्यंत खर्च आणि जोखीम विकणाऱ्याची. तिथून पुढचे भाडे, विमा, वादळ, सगळे घेणाऱ्याचे. ‘सीआयएफ जेबेल अली’ म्हणजे दुबईच्या जेबेल अली बंदरापर्यंतचे भाडे आणि विमा विकणाऱ्याने भरायचा. नवख्या निर्यातदाराला वाटते, की भाडे आपण भरले म्हणजे तिथे पोहोचेपर्यंत मालही आपल्याच जोखमीवर. तसे नाही. सीआयएफमध्येसुद्धा जोखीम इकडच्या बंदरात, जहाजावर माल चढताक्षणी घेणाऱ्याकडे जाते. पैसे एका बंदरापर्यंत आणि जबाबदारी दुसऱ्या बंदरापर्यंत, अशी ही फाळणी आहे. ती न कळल्यामुळे होणारी भांडणे थोडीथोडकी नाहीत.

यात आणखी एक पाचर आहे. एफओबी ही अट त्या काळची, जेव्हा पोती मोजून जहाजाच्या पोटात उतरवली जात. कंटेनर मात्र जहाज येण्याच्या दोन-तीन दिवस आधीच बंदराच्या आवारात सोपवला जातो. त्या दोन दिवसांत शीतयंत्र बंद पडले तर? कागदावर माल अजून विकणाऱ्याचाच, हातात मात्र नाही. म्हणून कंटेनरच्या मालाला एफसीए ही अट वापरा, म्हणजे वाहतूकदाराच्या ताब्यात माल दिला की जोखीम संपली, असा सल्ला चेंबर ऑफ कॉमर्स कित्येक वर्षे देत आले आहे. व्यापारी तो ऐकतात आणि पुन्हा एफओबी लिहितात. सवयीपुढे पॅरिसचे काय चालणार!

मिरची गावातून हलण्याआधीच कागदांची रांग लागते. निर्यात करायची तर परकीय व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात क्रमांक हवा, अपेडा या कृषी निर्यात प्राधिकरणाची नोंदणी हवी. मालावर कीड-रोग नाही असे सरकारी अधिकाऱ्याचे फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र हवे. आणि कस्टमला सांगावे लागते, की ही वस्तू जगाच्या यादीत नेमकी कोणती. ती यादी म्हणजे १९८८पासून लागू असलेली ‘हार्मोनाइज्ड सिस्टिम’. तिच्यात ताज्या मिरचीचा आकडा ०७०९.६० आणि वाळल्या मिरचीचा ०९०४ने सुरू होणारा. एक भाजीत मोडते, दुसरी मसाल्यात. बाजारात मिरची बलराम, पिकाडोर अशा वाणांच्या नावांनी ओळखली जाते. कस्टमच्या संगणकाला त्याच्याशी देणेघेणे नाही. पहिले सहा अंक जगभर सारखेच, पुढचे दोन भारताने आपल्या सोयीने जोडलेले. दुबईचा कस्टम अधिकारी मराठी ओळखत नाही. हा आकडा ओळखतो.

यातला फायटोसॅनिटरीचा आणि कीटकनाशकांच्या अंशाचा भाग कोणी हलक्यात घेऊ नये. मे २०१४मध्ये सौदी अरेबियाने भारतीय मिरचीची आयात थांबवली होती, कारण नमुन्यांत कीटकनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले. जहाज, भाडे, विमा सगळे जागच्या जागी होते. दार फवारणीच्या पंपामुळे बंद झाले. शेतकऱ्याने शेवटची फवारणी आणि तोडणी यांच्यात किती दिवस ठेवले, हाही सागरी व्यापाराचाच भाग आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत दुर्लक्षिलेला.

मग येतो कंटेनर. मिरचीला साधा लोखंडी कंटेनर चालत नाही. रीफर लागतो, म्हणजे शीतयंत्र लावलेला. तोडलेली मिरची जिवंत असते. ती श्वास घेते, उष्णता सोडते, तिला घाम येतो. साधारण ७ ते १० अंश सेल्सिअसला ती दोन-तीन आठवडे तग धरते. त्याहून थंड केली, तर सालीवर खड्डे पडतात. गरम ठेवली, तर सुरकुतते, लाल पडते, देठाकडून सडते. म्हणून ट्रकवर जनरेटर, बंदरात विजेचे प्लग, जहाजावर पुन्हा प्लग, अशी ही विजेची साखळी भोकरदनपासून दुबईपर्यंत कुठेही तुटता कामा नये. आणि यंत्र गार ठेवते, गार करत नाही. शेतातून आलेली तापलेली मिरची तशीच आत कोंबली, तर यंत्र दोन दिवस तिच्याशी झुंजत बसते. आधी शीतगृहात तिचे तापमान उतरवून मगच ती भरायची असते.

कंटेनरचा इतिहास सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. अमेरिकेतला माल्कम मॅक्लीन हा मूळचा ट्रकवाला. गोदीत ट्रक उभा करून एकेक गाठोडे जहाजावर चढताना तासन्‌तास पाहायचा त्याला वैताग होता. सगळा ट्रकच, चाके सोडून, का चढवू नये? २६ एप्रिल १९५६ला त्याचे ‘आयडियल एक्स’ हे जहाज न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघाले. मूळचे ते तेलवाहू जहाज. त्याच्या डेकवर ५८ पेट्या ठेवल्या होत्या. हातांनी माल चढवायला तेव्हा टनामागे ५ डॉलर ८६ सेंट पडत; या पद्धतीने पडले १६ सेंटांहून कमी. जगाचा व्यापार बदलला तो या एका आकड्याने. पेटीत नवीन काही नव्हते, लोखंडी पेट्या आधीही होत्या. पुढच्या काही वर्षांत साऱ्या जगाने एकाच मापाच्या आणि एकाच तऱ्हेच्या कोपऱ्यांच्या पेट्या मान्य केल्या, ही खरी क्रांती. कोणत्याही देशातली क्रेन कोणत्याही देशाची पेटी उचलू शकते ती त्यामुळे. वीस फुटी पेटी हे आता मोजमापच झाले आहे. तिला टीईयू म्हणतात. चाळीस फुटी पेटी म्हणजे दोन टीईयू. सर्वांत मोठी जहाजे आज २४ हजार टीईयूच्या घरात आहेत.

या क्रांतीची किंमत गोदी कामगारांनी मोजली. पाठीवर पोते वाहणाऱ्यांची गरज जगभरच्या गोद्यांत संपत गेली, मुंबईतही. मुंबई बंदराच्या समोर, खाडीपलीकडे, २६ मे १९८९ला न्हावा शेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले, ते कंटेनर डोळ्यांसमोर ठेवूनच. ज्या उरण तालुक्यात ते आहे, तिथल्या शेतकऱ्यांनी जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. १९८४च्या जानेवारीत गोळीबारात त्यांच्यातले पाच जण मारले गेले, हेही लक्षात असावे. २०२४-२५मध्ये या बंदराने ७० लाखांहून अधिक टीईयू हाताळले. पिंपळगावचा कंटेनर त्या गर्दीतला एक.

बंदरात शिरताना त्याचे एकूण वजन सांगावे लागते, मोजून आणि सहीनिशी. १ जुलै २०१६पासून हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. आधी लोक वजन कमी सांगून भाडे वाचवत. मग वर जड आणि खाली हलक्या पेट्या रचल्या जात आणि भरसमुद्रात थप्प्या कोसळत. दाराला सील लागते, सीलचा क्रमांक टिपला जातो. इथून पुढे ती पेटी दुबईला उघडेपर्यंत आतली मिरची कोणालाच दिसत नाही.

आता या साऱ्या व्यवहारातला सर्वांत महत्त्वाचा कागद. जहाज कंपनी माल घेतल्यावर ‘बिल ऑफ लेडिंग’ देते. व्यापारात सगळे त्याला बीएल म्हणतात. हा एकच कागद तीन कामे करतो. एक, माल मिळाल्याची ती पावती. दोन, तो कुठून कुठे आणि कोणत्या अटींवर न्यायचा, या कराराचा तो पुरावा. आणि तिसरे काम मुलखावेगळे: तो मालाच्या मालकीचा दस्त आहे. मूळ बीएल ज्याच्या हातात, त्यालाच जहाज कंपनी माल सोडते. कागदाच्या पाठीवर सही करून तो दुसऱ्याला दिला, की समुद्रावर डुलणारी मिरची न हलता मालक बदलते. कच्च्या तेलाचे एखादे जहाज मुक्कामाला पोहोचेपर्यंत त्यातला माल अनेकदा विकला गेलेला असतो, तो याच युक्तीने.

बीएल नीट वाचला तर जहाज कंपनी किती सावध असते ते कळते. ‘आत अमुक इतक्या पेट्या मिरची असल्याचे सांगितले आहे’ अशा अर्थाचे शब्द त्यात असतात. सांगितले आहे, आम्ही पाहिलेले नाही. कंपनी शपथ घेते ती बाहेरच्या पेटीची आणि सीलची, मिरचीची नाही. पेटीला पोचा असेल तर तसा शेरा बीएलवर येतो. शेरा आला की तो बीएल ‘क्लीन’ राहत नाही, आणि क्लीन नसलेला बीएल बँक घेत नाही.

बँक इथे कुठून आली? विकणाऱ्याला पैसे आधी हवे असतात, घेणाऱ्याला माल आधी. हा पेच सोडवायला लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे एलसी. दुबईच्या खरेदीदाराची बँक लिहून देते, की ठरलेले कागद आम्हाला आणून दिलेत, तर पैसे आम्ही देऊ; मग खरेदीदाराची मर्जी काहीही असो. बँक माल बघत नाही, फक्त कागद बघते. आणि कसून बघते. एलसीत एक स्पेलिंग आणि बीएलवर दुसरे असले, तरी कागद परत. मिरची उत्तम, कागद वाईट, तर पैसे अडकले. मिरची वाईट, कागद उत्तम, तर पैसे मिळाले. मग भांडण वेगळ्या कोर्टात. कठोर वाटते खरे, पण याच कठोरपणामुळे एकमेकांना न ओळखणारी माणसे व्यवहार करू शकतात.

ताज्या भाजीपाल्यात मात्र ही यंत्रणा थोडी लंगडते. न्हावा शेवा ते जेबेल अली हा प्रवास चार-पाच दिवसांचा. मूळ बीएल बँकांच्या टेबलांवरून फिरत दुबईला पोहोचायला त्याहून जास्त दिवस लागले, तर माल पुढे आणि कागद मागे, अशी वरात निघते, आणि मिरची बंदरात प्लगवर बसून दिवसाचे भाडे खाते. म्हणून अशा जवळच्या सफरीत ‘टेलेक्स रिलीज’ घेतात: मूळ बीएल इथेच जहाज कंपनीला परत करायचा आणि तिने तिकडच्या कार्यालयाला माल सोडायचा निरोप धाडायचा. टेलेक्सची यंत्रे कधीच भंगारात गेली, नाव उरले. पण यात मालकीच्या कागदाचे संरक्षणही जाते. आखाती बाजारात पुष्कळदा तर एलसीही नसते. माल तिकडे विकला जाईल तसे पैसे, अशी आडतीसारखी पद्धत. तिथे निर्यातदाराच्या हाती उरतो तो विश्वास, आणि शहाणा असेल तर निर्यात पत विमा. ईसीजीसी ही सरकारी कंपनी १९५७पासून त्याच कामासाठी आहे: परदेशी खरेदीदाराने पैसे बुडवले, तर नुकसानीचा मोठा भाग ती भरून देते.

आपल्याकडे बीएलचा कायदा १८५६चा होता, जेमतेम तीन कलमांचा. संसदेने २०२५मध्ये त्याच्या जागी नवा आणला. भोकरदनला मात्र हा विषय १८५६पेक्षा कितीतरी जुना आहे.

भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या लेखांत या गावचे लोक आहेत. १९७०च्या दशकात शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी इथे उत्खनन केले. त्यात सातवाहनकाळातली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, अर्धवट तुटलेली. तिची जवळजवळ जुळी बहीण इटलीत आहे: १९३८मध्ये पाँपेई या शहराच्या अवशेषांत मिळालेली, आज नेपल्सच्या संग्रहालयात असलेली मूर्ती. पाँपेई इसवी सन ७९मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच समुद्र ओलांडून तिथे पोहोचली होती. ती भोकरदनच्याच कारागिरांची असावी, असे काही अभ्यासक मानतात. मराठवाड्यातल्याच तेरलाही अशाच घडणीची मूर्ती मिळाली आहे. कारखाना नेमका कोणता, हा वाद चालू राहील. या भागातला माल रोमपर्यंत जाई, हे मात्र वादापलीकडचे आहे.

तो कसा जाई, तेही लिहिलेले आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी-मार्गदर्शिकेत पैठण आणि तेर या बाजारपेठा येतात. पैठणहून अकीक आणि तेरहून जाडेभरडे व तलम कापड बैलगाड्यांनी, मोठ्या अवघड वाटांनी भडोच बंदराला येते, आणि भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आहे, असे तो अनामिक लेखक सांगतो. वीस दिवस गाडी, मग मोसमी वारा फिरण्याची वाट, मग अरबी समुद्र. इजिप्तची जहाजे जुलैच्या सुमारास निघून नैर्ऋत्य वाऱ्यावर इकडे येत आणि ईशान्य वारा सुटला की परतत. म्हणजे जाऊन-येऊन वर्ष.

वर्षभर कोणाचे तरी पैसे त्या मालात अडकलेले असणार. मग कागद आला. व्हिएन्नात जपून ठेवलेला दुसऱ्या शतकातला एक पपायरस केरळमधल्या मुझिरिसच्या व्यापारासाठी घेतलेल्या कर्जाबद्दल आहे. पाठीमागे ‘हर्मापोलॉन’ नावाच्या जहाजातल्या मालाची किंमत मांडली आहे: गंगेकाठची जटामांसी, हस्तिदंत, कापड. पुढच्या बाजूला अटी. माल वाळवंटातून, नाईल नदीवरून अलेक्झांड्रियाच्या वखारीत न्यायचा, पण सावकाराच्या ताब्यात आणि त्याच्या शिक्क्याखाली ठेवायचा. कर्ज फेडले नाही, तर माल सावकाराचा. वर रोमन सरकारची जकात, मालाच्या चौथ्या हिश्शाइतकी. सील, तारण, वखार, जकात: आजच्या एलसीत याहून फार नवे काय आहे?

आपला कंटेनर तोवर जहाजावर चढलेला आहे. ते बहुधा लायनर आहे, म्हणजे वेळापत्रकाने ठरलेल्या बंदरांतून फिरणारे. त्याच्याकडे कोणाचीही एक पेटी चालते. धान्य, कोळसा, खनिज नेणारी जहाजे वेगळी. ती अख्खीच भाड्याने ठरवतात आणि माल असेल तिकडे जातात. आकारमानाने पाहिले तर जगाच्या व्यापारातला सुमारे ८० टक्के माल समुद्रावरून जातो, भारताचा तर सुमारे ९५ टक्के. भारताच्या कंटेनर निर्यातीचा बहुतेक भाग परदेशी कंपन्यांच्या जहाजांतून जातो, ही जुनी दुखरी जागा आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. तिचे ‘एस. एस. लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ला मुंबईहून लंडनला निघाले; पुढे ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून तिला जेरीस आणले. ५ एप्रिल आजही राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. भाडे कोण ठरवतो, हा तेव्हाचा प्रश्न सुटला असे मी म्हणणार नाही.

जहाज नेमके कोणत्या देशाचे, हेही सोपे उरलेले नाही. २३ मार्च २०२१ला सुएझ कालव्यात आडवे अडकून सहा दिवस जगाचा रस्ता अडवणारे ‘एव्हर गिव्हन’ घ्या. मालक जपानी, चालवणारी कंपनी तैवानची, तांत्रिक व्यवस्थापन जर्मन, झेंडा पनामाचा आणि सगळे २५ खलाशी भारतीय. पनामा, लायबेरिया, मार्शल बेटे हे देश नोंदणी स्वस्तात आणि सवलतीत देतात, म्हणून जगाच्या जहाजांचा मोठा हिस्सा त्यांच्या झेंड्याखाली. सुरक्षेचे नियम मात्र कोणत्याही झेंड्याला सारखे. टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१४मध्ये आलेल्या ‘सोलास’ करारापासून ती परंपरा सुरू होते, आणि आज तिची राखण लंडनची आंतरराष्ट्रीय सागरी संघटना करते.

एव्हर गिव्हनच्या मालकांनी तेव्हा ‘जनरल ॲव्हरेज’ जाहीर केले, आणि हजारो व्यापाऱ्यांनी हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. नियम प्राचीन भूमध्य सागरातला आहे. जहाज वाचवण्यासाठी काही माल समुद्रात फेकावा लागला किंवा मोठा खर्च करावा लागला, तर ते नुकसान ज्याचा माल वाचला त्या प्रत्येकाने आपापल्या मालाच्या किमतीच्या प्रमाणात सोसायचे. म्हणजे तुमच्या मिरचीच्या केसालाही धक्का लागलेला नसताना, वर्गणीची हमी दिल्याशिवाय ती सुटत नाही. विमा असेल तर ही हमी विमा कंपनी देते. विमा न उतरवलेला व्यापारी त्या दिवशी फार शिकतो.

विम्यातही एक खाच आहे, आणि नाशवंत मालवाल्याने ती आधी वाचावी. मालाच्या विम्याच्या नेहमीच्या अटींत उशिरामुळे झालेले नुकसान वगळलेले असते. जहाज बुडाले तर भरपाई मिळेल. जहाज आठवडाभर बंदराबाहेर रांगेत उभे राहिले आणि मिरची लाल झाली, तर नाही. मिरचीवाल्याला बुडण्यापेक्षा रांगेचीच भीती जास्त. जेबेल अली होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या आत आहे. तिथे तणाव वाढला की युद्धजोखमीचा हप्ता वाढतो, आणि तो वेगवेगळ्या अधिभारांच्या नावांनी भाड्यात उतरतो. नोव्हेंबर २०२३पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा युरोपला जाणारी जहाजे सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली. दहा-चौदा दिवस वाढले. दुबईच्या मालाचा त्या वाटेशी थेट संबंध नाही. पण जहाजे आणि रिकाम्या पेट्या लांबच्या फेऱ्यांत गुंतून पडल्या, की जवळच्या मार्गावरही त्यांची चणचण भासते.

जालना जिल्ह्यात समुद्र दुसऱ्या बाजूनेही येतो. जालन्याच्या सळयांच्या कारखान्यांना भंगार लागते, आणि त्यातले पुष्कळ परदेशातून कंटेनरने येते. त्याच्यासोबत तपासणीचे प्रमाणपत्र लागते, कारण २००४मध्ये गाझियाबादजवळच्या एका पोलाद कारखान्यात भंगारातल्या जिवंत तोफगोळ्यांचा स्फोट होऊन माणसे दगावली होती. किरणोत्सारासाठीही ते तपासतात. कस्टमची तपासणी न्हावा शेवाला होते आणि मग ट्रक घाट चढतो.

ती जालन्यातच व्हावी म्हणून दरेगाव परिसरात ‘ड्राय पोर्ट’, म्हणजे जमिनीवरचे बंदर, ठरला. २५ डिसेंबर २०१५ला त्याचे भूमिपूजन झाले. नंतर महामार्ग खात्याच्या कंपनीला सोबत घेऊन तो मल्टी मोडल लॉजिस्टिक पार्क म्हणून पुढे नेण्याचे ठरले. जवळून समृद्धी महामार्ग जातो, रेल्वेमार्गही आहे. अशा ठिकाणाचा खरा उपयोग रस्ता वाचवण्यात नाही, कारण अंतर तेवढेच राहते. उपयोग आहे तो हस्तांतराची रेघ सरकवण्यात. कस्टमची तपासणी आणि सील जालन्यात झाले, वाहतूकदाराने माल तिथेच ताब्यात घेतला आणि सौदा ‘एफसीए जालना’ असा लिहिला, तर घाटात अडकलेल्या ट्रकची आणि बंदरातल्या रांगेची जोखीम निर्यातदाराच्या डोक्यावरून उतरते. अर्थात खरेदीदार ती फुकट घेणार नाही, भावात कापेल. पण कापलेला भाव आधी कळतो, सडलेली मिरची नंतर.

मिरचीवाल्यांसाठी अडचण दुसरीच आहे. कंटेनर कंपनीला पेटी दोन्ही बाजूंनी भरलेली हवी असते. एका बाजूने रिकामी न्यावी लागली, तर तो खर्च भाड्यात येतो. जालन्यात भंगार उतरवून रिकामे झालेले कंटेनर मिळतील, पण ते साधे लोखंडी. त्यांत कापसाच्या गाठी जातील, सरकीची पेंड जाईल, मका जाईल. मिरचीला रीफर लागतो, आणि रीफरमध्ये भरून जालन्याला येईल असे फारसे काही नाही. तो मुंबईहून रिकामाच आणावा लागतो, आणि ते भाडे मिरचीच्या भावातून जाते.